दोन पावलांच्या मधला श्वास

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. एरवी मी सामानाची यादीसुद्धा लिहीत नाही. सगळं डोक्यात ठेवते आणि मीठ विसरून येते. दिवसभरात केव्हा काय करत होते ते वेळेसकट लिहायचं आहे. वेळा मी त्यांना वेगळ्या कागदावर उतरवून देईन. बाकीची वही माझी.

आज त्यांच्याकडे सुरुवातच गमतीची झाली.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"चालते."

"व्यायाम नाही विचारला. काम काय करता?"

"तेच सांगतेय. चालते. कधी धावते. मागच्या महिन्यात एका लंगड्या कुत्र्याचा अख्खा जिना चढले."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी सविस्तर सांगितलं. सिनेमा काढताना पात्रांचं बोलणं तेवढं नीट येतं. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ हे मागाहून बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणीतरी पुन्हा करायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे मी. गेली एकतीस वर्षं. कोबी पिरगाळून मी हाडं मोडते, चामड्याचे हातमोजे झटकून कबुतरं उडवते, मक्याच्या पिठाची थैली दाबत बर्फातून जाते. कितीतरी देखण्या नायकांच्या वतीने मी माझ्याच मनगटाचे मुके घेतले आहेत. एवढं ऐकल्यावर डॉक्टरीणबाई जरा लाजल्या.

मग गेल्या गुरुवारचं सांगितलं. नवीन सिनेमात एक बाई बावीस मिनिटं नुसती चालते. बोलणं नाही, संगीत नाही. खडीच्या ट्रेमध्ये मी तिची पावलं टाकत होते. तिचा डावा पाय उचलला गेला, माझाही उचलला गेला, आणि एकदम डोळ्यांसमोर आमच्या रेकॉर्डिस्टचा चेहरा उलटा दिसायला लागला. त्याला सगळे कानसेन म्हणतात. तो म्हणाला, "ताई, आवाज फार झकास आला. पण तुम्ही पडलात का?"

तर कारण हे, की काम करताना मी श्वास घेत नाही. माइक हातभर अंतरावर असतो आणि तो हलकट सगळं ऐकतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या मास्तरांचं एकच सांगणं होतं, श्वास सोड आणि बंद कर. भरून धरायचाही नाही, कारण भरलेल्या छातीवर बटणं करकरतात. छाती रिकामी करायची आणि चालायचं.

"करून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोटाला चिमटा लावला, मनगटावर डबी बांधली. मी श्वास सोडला आणि बंद केला. पन्नास सेकंदांनी डबी टीं टीं ओरडली. रक्तातला ऑक्सिजन शहाण्णववरून चौऱ्याऐंशीवर आला होता. माझं काही बिघडलं नाही, पण बाईंचाच हात त्यांच्या छातीवर गेला.

"असं दिवसातून किती वेळा?"

"काम असेल तसं. साठ-सत्तर."

ही डबी आता दिवसभर अंगावर वागवायची आहे. नव्वदच्या खाली गेलं की ती ओरडते आणि वेळ लिहून ठेवते. कानसेनने डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय स्टुडिओचं दार उघडणार नाही म्हणून सांगितलंय. सिनेमाचं काम अठ्ठावीस तारखेच्या आत झालं नाही तर निर्माता कॉम्प्युटरमधली तयार पावलं लावणार. एका मापाची, कुणाचीही. एकदा ती लागली की पुढच्या सिनेमाला मला कोण बोलावतंय? ह्या वयात दुसरं काय करणार मी? मला चालण्याशिवाय काही येत नाही.


बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी ९.४०. अडगळीच्या खोलीत उंच टाचांचे बूट घालून चालले. टीं टीं. ८७.
९.५५. चपला. टीं टीं. ८६.
१०.१५. अनवाणी. नाही वाजली. फरशीच्या गुदगुल्यांनी मीच मध्ये हसले आणि श्वास घेतला गेला.

डबीचा आवाज बारीक आणि टोचरा आहे, कानात सुई घातल्यागत. अकराला ह्यांच्या शेजारी बसून बूट पुसत होते, तेव्हा ह्यांच्या अगदी कानाशी वाजली. हे शब्दकोडं सोडवत होते. मान वर करतील तर शपथ. बायकोचा ऑक्सिजन उतरतोय आणि ह्यांना सात अक्षरी पक्षी सापडत नाहीये! मी मुद्दाम हात तसाच ठेवला, बघू किती वेळ जातो. शेवटी मीच कंटाळून श्वास घेतला.

पूर्वी असे नव्हते हे. छापखान्यात पस्तीस वर्षं यंत्रावर उभे राहून घरी आले तरी दारातून पहिला प्रश्न असायचा, "आज काय वाजवलंस?" निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता घरभर वेळ आहे तर प्रश्न संपले.


शनिवार, ८ फेब्रुवारी

कानसेन मोठा माइक, हेडफोन आणि खडीची पिशवी घेऊन घरीच आला. स्टुडिओचं दार बंद ठेवलंय म्हणजे माझ्याशी वैर धरलंय असं नाही म्हणाला. अडगळीच्या खोलीत गाद्या उभ्या करून आम्ही शाळा भरवली. विषय एकच, श्वास कसा घ्यावा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी नापास होत होते.

"आत्ता घेतलात?"

"हो."

"म्हशीने घेतल्यासारखा आला."

नाकाने घेतला तर शिट्टी येते. दात मिटून घेतला तर फस्स होतं. तासाभराने जमलं एकदाचं. तोंड सैल उघडं ठेवायचं, जीभ खाली पाडायची, आणि घोट घोट न घेता हवा आपोआप आत येऊ द्यायची. ती नेमकी पाऊल खडीत रुतताना. खडीच्या आवाजाखाली श्वास झाकला जातो. म्हणजे आजवर श्वास घ्यायला जागा होती, मीच घेत नव्हते! एकतीस वर्षं! कानसेनने हेडफोनमधून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि अंगठा वर केला. बोटावरचा आकडा पंच्याण्णव. मी त्याला खडीसकट मिठी मारणार होते.

जाताना तो बैठकीच्या खोलीत थांबला. हे पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. "येतो हां भाऊजी," तो म्हणाला. उत्तर नाही. "भाऊजी, निघतो." नाही. तो दोन पावलं पुढे जाऊन समोर उभा राहिला, तेव्हा हे दचकले आणि अगदी तोंडभर हसून म्हणाले, "अरे, बस की, चहा घेऊन जा."

दारात कानसेनने मला हळूच विचारलं, "भाऊजी नेहमी त्याच खुर्चीत बसतात?"

"हो. तिथून ते सगळ्यांची तोंडं बघत बसतात. न्यायाधीशासारखे."

तो काहीतरी बोलणार होता, पण पिशवी उचलून गेला. कानसेनला दुसऱ्याच्या घरातलं सगळं खटकतं, खुर्च्यासुद्धा.


रविवार, ९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू श्वास घे आणि बाबांना फोन दे." ह्यांनी लांबूनच हात हलवला, "तूच बोल, मी नंतर बोलतो." हे नंतर काही उजाडत नाही. लेक हिरमुसली. मी सांगितलं, बाबांचं शब्दकोडं अडलंय.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मी जिंकायलाच गेले होते. डॉक्टरीणबाईंसमोर खडी नव्हती म्हणून फरशीवर चालून दाखवलं. आकडा हलला नाही. त्यांनी टाळी वाजवली. मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

तेव्हा त्यांनी डबीतून काढलेला कागद माझ्यासमोर पसरला. सकाळच्या रेघा खाली-वर होत्या, त्या माझ्या बूट-चपलांच्या. मग दुपार सपाट. आणि संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ पुन्हा खड्डे. रोज. पाच, सहा, एकदा आठ.

"ह्या वेळी काय करत होता?"

मी कागद बघितला. "जेवत होते."

"जेवताना टीं टीं ऐकू नाही आली?"

आली होती की. पण मला वाटलं चिमटा तेलकट झाला असेल, म्हणून मी तो पुसत होते.

त्यांचं हसणं गेलं. कामातले खड्डे मी स्वतः पाडलेले आहेत, ते बुजतील. पण माणूस जागा आहे, निवांत बसलाय, काही कारण नाही आणि श्वास थांबतो, हे त्यांना आवडलं नाही. श्वास घ्यायला मेंदू सांगतो. तो सांगायला विसरत असेल तर मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. "कारण कळेपर्यंत मी चिठ्ठी देणार नाही. खडीत पडलात, उद्या जिन्यात पडाल."

"आणि कारण नाहीच कळलं तर?"

"तर काम नाही," त्या म्हणाल्या. पोरगी वयाने माझ्या लेकीएवढी आहे, पण आवाज पक्का.


बुधवार, १२ फेब्रुवारी

आज कशात लक्ष नाही. मेंदू विसरतोय म्हणजे काय? आज श्वास विसरला, उद्या घर विसरेल. सकाळपासून मी स्वतःची परीक्षा घेतेय. सगळ्या पाढ्यांमध्ये फक्त सतराचा अडला, तो शाळेतही अडायचा.

ह्यांना सांगावं म्हणून स्वयंपाकघरातून म्हटलं, "अहो, डॉक्टर म्हणतात मोठ्या तपासण्या कराव्या लागतील." बाहेरून काही नाही. टीव्ही मोठ्यांदा चालू. हल्ली तर भिंत हलेपर्यंत लावतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळे नव्हतं. मग मी पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगून ज्याला फरक पडत नाही त्याला दुसऱ्यांदा काय सांगायचं?


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ठरवलं की रडायचं नाही, शोधायचं. आज जेवताना वही मांडीवर घेऊन बसले आणि सगळं टिपलं.

७.३२. बसलो. सूप. आकडा ९६.
७.३४. मी विचारलं, मीठ बरोबर आहे का? हे पावाला लोणी लावत होते.
७.३५. टीं टीं. ८९.
७.३५. मी बशी पुढे सरकवली. ह्यांनी मान वर केली. म्हणाले, छान झालंय. आकडा ९५.
७.४१. विचारलं, उद्या किती वाजता निघणार? (उद्या ह्यांच्या छापखान्यातल्या जुन्या मंडळींचं जेवण आहे.)
७.४२. टीं टीं. ८८.
७.४३. काही नाही. सुरीने बटाटा कापताहेत. मी ह्यांच्या हाताला हात लावला. "काय गं?" ९४.
७.५०. मी गप्प. ९६.
७.५५. मी अजून गप्प. ९६.
८.०२. म्हटलं, मला जरा भीती वाटतेय हो.
८.०३. टीं टीं. ८७.
८.०४. हे उठून पाणी आणायला गेले. माझ्यासाठीही आणलं.

काही कळत नाही. सूप तेच, बटाटे तेच, खुर्ची तीच.


शनिवार, १५ फेब्रुवारी

हे जेवायला बाहेर. मी एकटीच जेवले. साडेसात ते नऊ एकदाही वाजली नाही.

म्हणजे माझा श्वास ह्यांच्यामुळे थांबतो. चौतीस वर्षं झाली लग्नाला. कदाचित बोलायचं सगळं बोलून झालं असेल आणि मलाच ते कळलं नसेल. मन मान्य करत नाहीये पण आकडे तसंच म्हणताहेत.

परत आले तेव्हा हे थकलेले होते. "कसं झालं?" विचारलं तर म्हणाले, "गलका फार होता." पस्तीस वर्षं यंत्राच्या गलक्यात काढलेला माणूस म्हातारपणी नाजूक झालाय.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

कागदावर उतरवायचा कंटाळा आला, म्हणून चौदा तारखेचं पान उघडून वहीच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागदावरचे खड्डे आणि माझ्या वेळा बोटाने जोडत गेल्या.

"प्रत्येक वेळी तुम्ही आधी काहीतरी विचारलंय."

"हो."

"विचारून झालं की श्वास थांबतो. उत्तर आलं की सुरू होतो."

"मग? आवाज येणार असला की श्वास धरायचाच. त्याशिवाय ऐकू कसं येईल?" मला त्यात विशेष काही वाटलं नाही. एकतीस वर्षांची सवय. कानसेनसुद्धा धरतो.

त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि मोठ्ठा श्वास सोडला. "तुमच्या मेंदूला काही झालेलं नाही, बाई. तो फार आज्ञाधारक आहे. तुम्ही वाट बघता, म्हणून तो थांबतो." मग विचारलं, "पण उत्तर यायला दीड-दीड मिनिट का लागतं?"

"चौतीस वर्षांचं लग्न आहे, डॉक्टर. तुम्ही अजून लहान आहात."

त्यांना हसू फुटलं. "गुरुवारी त्यांना घेऊन या. मग चिठ्ठीचं बघू."

आता ह्यांना बायकोशी कसं बोलावं ते एक पोरगी शिकवणार! घरी येऊन समोर उभी राहून सांगितलं, गुरुवारी तुम्हाला बोलावलंय. हे एकदम भडकले. "मला काय धाड भरलीय? मी नाही येणार." ताडकन उठून फिरायला गेले. चिठ्ठी ह्यांच्या हट्टापायी अडणार. अठ्ठावीसला दहाच दिवस उरलेत. मीही मग दार आपटून बाहेर पडले. दाराचा आवाज मात्र उत्तम आला.


बुधवार, १९ फेब्रुवारी

(खालचा मजकूर माझा नाही. ह्यांचा आहे. माझ्या पेनाने लिहिलाय आणि टोपण लावलेलं नाही.)

*वही टेबलावर उघडी होती. मी पेन्सिल शोधत होतो. वाचली. रागाव, पण मोठ्यांदा रागाव, हळू रागावलीस तर मला कळणार नाही.*

*मला ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही. बसचा भोंगा येतो. तू शिंकलीस की येतं. पण तुझं बोलणं तोंड बघितल्याशिवाय लागत नाही, आणि तुझी ती डबी तर मी वाजताना कधी ऐकलेलीच नाही. तीन वर्षं होत आली. शनिवारी जमलेल्या आम्हा सहाजणांपैकी चौघांचं हेच आहे. एकमेकांच्या कानात ओरडत जेवलो.*

*सांगणार होतो. पण तेव्हा तुझा तो जिन्याचा सिनेमा लागला होता. बाहेर येऊन तू विचारलंस, पावलं कशी होती. मी म्हणालो, फार सुरेख. तू इतकी खूश झालीस की रस्ताभर माझा हात सोडला नाहीस. मग पुढचा सिनेमा आला. एकदा सुरेख म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? तुझ्यासारखीला बहिरा नवरा काय कामाचा, असंही वाटलं.*

*तू आठ वाजून दोन मिनिटांनी भीती वाटते म्हणालीस, ते मला आज वाचून कळलं. मी पाणी आणायला उठलो होतो. ते फार वाईट झालं.*

*गुरुवारी येतो. अंडी संपली आहेत.*

हे वाचून आधी मला राग आला. तीन सिनेमे! "खडीवर तर कमाल केलीस," म्हणाले होते. ते मी लेकीला, कानसेनला, दुधवाल्यालासुद्धा सांगितलं होतं. मग मी खुर्चीत बसून खूप रडले. कानांवर पोट भरणारी बाई मी. पडद्यावरच्या माणसाच्या बुटाचा तळ झिजलाय हे ओळखते. आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस तीन वर्षं माझे ओठ वाचतोय, त्याला मी नाजूक म्हणाले, न्यायाधीश म्हणाले. किती एकटे पडले असतील हे त्या गप्प घरात.

मग अंडी आणायला गेले. परत आले तेव्हा हे स्वयंपाकघरात उभे होते, शाळेतल्या पोरासारखे, हात मागे. मी समोर गेले, अगदी तोंडाला तोंड लागेल इतकी जवळ, आणि सावकाश म्हटलं, "तुम्ही मूर्ख आहात."

"हे नीट कळलं," हे म्हणाले.


गुरुवार, २० फेब्रुवारी

ह्यांचे कान तपासले. डॉक्टरीणबाईंनी ओळखलंच होतं. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत, जाड आवाज शिल्लक आहेत. यंत्रावर काम केलेल्यांचं असंच होतं म्हणाल्या. कानात घालायचं छोटं यंत्र येईल, मापाचं करायला आठवडा लागेल. हे कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

आणि चिठ्ठी! माझ्या हातात चिठ्ठी! तिच्यावर तीन अटी आहेत. श्वास चालू ठेवायचा. चिमटा बोटाला राहील, आवाज बंद करून. आकडा कानसेनच्या समोर दिसेल आणि नव्वदला तो मला थांबवेल. मी बाहेर येऊन रस्त्यातच कानसेनला फोन केला. तो म्हणाला, "खडी धुऊन ठेवतो."


मंगळवार, २५ फेब्रुवारी

चार दिवस लिहायला वेळ नव्हता. मी चालत होते.

बावीस मिनिटं तीन तुकड्यांत केली. काल रस्ता आणि गवत झालं. खडीची आधी भीती वाटली. तोच ट्रे, तेच बूट. पहिल्या दहा पावलांत जुनी सवय उफाळली आणि छाती आपोआप कुलूप लावून बसली. काचेपलीकडून कानसेनने दोन्ही हात वर करून स्वतःच तोंड एवढं मोठं उघडलं की मला हसू आलं. हसल्यामुळे ती फेरी फुकट गेली, पण श्वास सुटला. त्यानंतर पाऊल रुतलं की हवा आत, पाऊल उचललं की बाहेर. आकडा त्र्याण्णवच्या खाली गेला नाही.

आज चढण होती. शेवटची चार मिनिटं. बाई पडद्यावर चढते आणि मी खडीच्या ढिगावर. संपता संपता मी खरोखरच दमले आणि एक श्वास मोठ्यांदा आला. मी डोळे मिटले. गेलं सगळं, म्हटलं.

दिग्दर्शक मागे बसला होता. त्याने विचारलं, "हा श्वास कुणाचा?"

"ताईंचा," कानसेन म्हणाला. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

दिग्दर्शकाने ते पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा ऐकलं. "चढणीवर माणूस श्वास घेणारच," तो म्हणाला. "राहू दे." आणि निर्मात्याला फोन लावून सांगितलं, की ती तयार पावलं त्याने स्वतःच्या पायात घालावीत.

पुढच्या महिन्यातल्या सिनेमाचं तिथेच विचारलं. त्यात एक घोडा आहे आणि एक नाचणारी बाई. दोन्ही मीच.


शनिवार, १ मार्च

डबी सकाळी परत करून आले. मनगटाला उगीच रिकामं वाटतंय.

ह्यांचं कानातलं यंत्र दुपारी आलं. घातल्यापासून नुसती भुणभुण. "काही उपयोग नाही, फक्त भांडी ऐकू येतात. चमचे तर आरडाओरडा करताहेत." संध्याकाळपर्यंत दोनदा काढलं, दोनदा मी घालायला लावलं.

साडेसातला जेवायला बसलो. मी सवयीने विचारलं, मीठ बरोबर आहे का? ह्यांनी चमचा खाली ठेवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "ऐकू नाही आलं. परत सांग."

मी परत सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदा जरा जोरात सांगितलं. ह्यांनी यंत्राचं बटण भलतीकडे फिरवलं. चौथ्यांदा मी उभी राहून, टेबलावर हात आपटून ओरडले, "मीठ! मीठ बरोबर आहे का, मीठ!" हे कानावर हात ठेवून म्हणाले, "अगं, केवढ्यांदा!" आणि आम्हाला दोघांनाही हसू आवरेना. हसून हसून मला धाप लागली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. शेजारची बाई डोकं आत घालून, अगदी दबक्या आवाजात विचारत होती, "सगळं ठीक आहे ना? भांडण नाही ना झालं?"

"नाही," मी म्हणाले.

"नाही," हेही त्याच क्षणी म्हणाले. ह्यांची पाठ दाराकडे होती.